गुनवोरचा डावा गाल

गुनवोर स्कारेचे दोन गाल एका वयाचे नव्हते. उजवीकडून पाहिलं तर साठीच्या अलीकडची, गुटगुटीत, मिश्कील बाई दिसे. डावीकडून पाहिलं तर तिची आई दिसे. तिची खरी सत्तरी या दोघींच्या मधे, नाकाच्या शेंड्यावर कुठेतरी बसलेली असावी. उजवा गाल फुगून आलेल्या कणकेसारखा तुळतुळीत होता. डाव्या गालावर अशा घड्या पडल्या होत्या की जुना नकाशा कुणीतरी वरचेवर उघडला असावा आणि दर वेळी चुकीचा मिटला असावा. त्यात तपकिरी ठिपके, आणि डोळ्याखालची कातडी जाड, पिवळसर, चामड्याच्या जुन्या बॅगेसारखी.

स्कुगदालच्या लोकांना याची इतकी सवय होती की तिच्याशी बोलायला कोणत्या बाजूने जायचं हे कामावरून ठरे. शिडी उसनी मागायची तर उजवीकडून जावं. कुणाच्या मरणाची बातमी सांगायची तर डावीकडून. तो गाल ऐकून घ्यायला बरा पडे. तिचा नवरा ऐलिफ सुतार होता आणि जेवायला कायम तिच्या उजव्या हाताला बसे. कुणी विचारलंच तर म्हणे, "मी तरुण बायकोशेजारी बसतो. पलीकडची कोण, मला माहीत नाही."

आता हे असं का झालं, ते सांगायला हवं.

स्कुगदालच्या दक्षिणेला स्तुरनूत नावाचा डोंगर उभा आहे. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त ऑक्टोबर लागला की सूर्याच्या आडवा येतो आणि फेब्रुवारी संपत आला की बाजूला होतो. मधल्या काळात गावात उजेड असतो, पण ऊन नसतं. आकाश निळंशार दिसतं, समोरच्या शिखरांवर सोनं ओतल्यासारखं होतं, आणि खाली आपण निळ्या सावलीत कोबीसारखे गार पडून असतो. ऊन दिसतं, मिळत नाही. शेजारच्या घरातला तळणाचा वास यावा आणि बोलावणं येऊ नये, तसं.

गुनवोर विशीत असताना दूधसंघाला टँकरसाठी ड्रायव्हर हवा होता. पहाटे स्कुगदालचं दूध घ्यायचं, डोंगर चढून पठार ओलांडायचं, पलीकडच्या शहरातल्या दुग्धशाळेत रिकामं करायचं आणि दुपारपर्यंत परत यायचं. बर्फातला घाटरस्ता, त्यामुळे गडीमाणसंही काचकूच करत होती. गुनवोरने अर्ज केला. शाळामास्तर हालग्रिम तेव्हा नवा होता आणि सगळ्यांना सगळं विचारायची त्याला सवय होती. त्याने विचारलं, की बाई, तुला हा आटापिटा कशासाठी? ती म्हणाली, "पलीकडे ऊन आहे."

एवढंच कारण होतं. निवृत्त होईपर्यंत तेच पुरलं.

जाताना अंधार असे. पठारावर पोचेपर्यंत पूर्वेची कड उजळू लागे, आणि दुग्धशाळेतून निघून ती परत पठारावर आली की सूर्य डाव्या खिडकीत, म्हणजे आमच्याकडे ड्रायव्हर बसतो त्या बाजूला, हजर. खाली बर्फ, वर बर्फ, मधे एकटा टँकर, आणि ते ऊन असं की गाडीत कुणीतरी येऊन बसलंय असं वाटावं. पहिल्या हिवाळ्यात गुनवोरने गाडी थांबवली होती. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर ठेवलेला स्वतःचा हात तिने बघितला. त्यावरची लव एकेक केस सोन्याचा असावा तशी चमकत होती. एवढ्या लांबून, मधल्या त्या सगळ्या रिकाम्या अंधारातून, वाटेत कुठेही न अडखळता ते आलं होतं आणि तिच्या मनगटावर येऊन टेकलं होतं. तिला हसू आलं, आणि मग का कोण जाणे, डोळे भरून आले. त्या दिवशी दूधसंघापुढे टँकर उशिरा आल्याचा दोष तिने घसरड्या रस्त्यावर ढकलला.

ती गावात उतरली की लोक विचारत, "कसा आहे?" कोण, ते सांगावं लागत नसे. इस्पितळातल्या नातेवाइकाला भेटून आलेल्या माणसाला विचारावं तसं ते विचारणं. ती कधी म्हणे, आज जरा फिकट वाटला. कधी म्हणे, झकास आहे, तुमची चौकशी करत होता. म्हाताऱ्या बायका तिचा डावा गाल हाताने चाचपून बघत. गरम असे तो. तेवढीच ऊब हाताला लागे.

काच कायम वर असे. काचेआड ऊन बाधत नाही, अशी साऱ्या गावाची खात्री होती, कारण काचेआड कातडी लाल होत नाही आणि सोलत नाही. जे भाजत नाही ते लागत नाही, असा आमचा सरळ हिशेब. आणि ज्या गावात वर्षातला एवढा काळ ऊनच नाही, तिथे उन्हापासून जपायचं मलम कुणी लावलं असतं तर लोकांनी त्याला वाळवंटात छत्री दुरुस्त करणाऱ्याच्या रांगेत बसवलं असतं.

सूर्य परत येतो तो दिवस स्कुगदालमध्ये नाताळापेक्षा कमी नाही. शाळा सुटते. सहकारी दुकानाच्या दक्षिणेकडच्या भिंतीला आम्ही 'उन्हाची भिंत' म्हणतो. पहिली तिरीप तिथेच पडते आणि थोड्याच वेळात निघून जाते. भिंतीला टेकून लांबलचक बाक आहे. त्या दिवशी साखरेत घोळलेले, आत पिवळं कस्टर्ड भरलेले गोल सूर्यबन तळतात, कॉफीचे थर्मास निघतात आणि सगळं गाव बाकाभोवती जमतं. बाकावरची पहिली जागा गुनवोरची. का, तर एवढ्या महिन्यांनी येणाऱ्याची ओळख पटवायला कुणीतरी हवं, आणि त्याला तोंडओळखीने ओळखणारी गावात ती एकटी. तिरीप पडली की ती टोपी काढते आणि तोंड वर करते. मग हालग्रिम मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "तोच आहे का?" आणि ती म्हणते, "तोच आहे." मग बन खायचे. तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी ही थट्टा होती. पुढे पुढे पोरंही ते उत्तर येईपर्यंत बनाला हात लावेनाशी झाली. टँकर सुटला तरी जागा तिचीच राहिली.

एका जानेवारीत ऐलिफने नाश्त्याच्या वेळी उठता उठता तिच्या डाव्या गालावर अंगठा फिरवला आणि तो तिथेच थांबला. गालफडाच्या हाडावर एक ठिकाण खरखरीत होतं. डोळ्यांना जेमतेम लालसर दिसे, बोटाला मात्र पॉलिश पेपर लागे.

"हे काय?"

"वारा," गुनवोर म्हणाली.

ऐलिफने पुन्हा अंगठा फिरवला. आयुष्यभर लाकडावर अंगठा फिरवूनच कुठे अजून घासायचं राहिलंय हे तो सांगत आला होता. "वारा सगळीकडे लागतो," तो म्हणाला. "हे एकाच जागी आहे." मग भांडी विसळायला गेला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

गुनवोरला वाऱ्याबद्दल त्याच्याइतकीच शंका होती. पण तिच्या डोळ्यांसमोर बोर्गहिल्ड होती. बोर्गहिल्ड गावातली शिंपीण. तिच्या नाकावर असंच काहीतरी उठलं, ते फार उशिरा कापलं, आणि डॉक्टरने सांगितलं की उन्हापासून दूर राहा. ती शिस्तीची बाई. तिने दक्षिणेच्या खिडक्यांना जाड पडदे शिवले आणि त्यांच्याआड बसली ती मरेपर्यंत बसलीच. सूर्य परत यायच्या दिवशी गावाने तिच्या दारात बन नेऊन दिले. तिने हात तेवढा बाहेर काढला. गुनवोरने तो हात पाहिला होता. मरायला गुनवोरची ना नव्हती. कधीतरी सगळ्यांनाच जायचं आहे. पण त्या दिवशी सारं गाव भिंतीशी जमलेलं असताना आपण पडद्यामागे बसायचं आणि "तोच आहे का?" याला दुसऱ्या कुणीतरी उत्तर द्यायचं, हे तिला सोसणारं नव्हतं. त्यामुळे डॉक्टरकडे जायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

फेब्रुवारीतला दिवस तिने गालावर जरा पिठासारखी पावडर चोपडून निभावला. मग ईस्टर आला. ईस्टरला डोंगरातल्या खोपटात जायचं, खोपटाच्या उन्हाच्या भिंतीशी पाठ लावायची, मांडीत संत्री घ्यायची आणि तोंड वर करून बसायचं, ही आमच्याकडे पूजाच आहे. सुट्टीनंतर ज्याचं तोंड रापलेलं नसेल त्याला लोक विचारतात, बरं नव्हतं का? गुनवोर तर लहानपणी शिकलेली युक्तीही अजून करी. पुठ्ठ्यावर पाव भाजायचा चकचकीत कागद चढवायचा आणि तो हनुवटीखाली धरायचा, म्हणजे आकाशातलं ऊन वरून आणि बर्फावरचं खालून. हिवाळाभराची उपाशी माणसं आम्ही. समोर ताट आलं की ओरबाडून खातो.

तिसऱ्या दिवशी त्या खरखरीत जागेतून रक्ताचा थेंब आला आणि पुठ्ठ्यावर पडला. चकचकीत कागदावर तो फार लाल दिसला. ऐलिफने संत्रं सोलता सोलता तो पाहिला. त्याने संत्र्याच्या फोडी नीट सुट्या केल्या, तिच्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, "गुनवोर, पलीकडची कोण ते मला माहीत नाही असं मी म्हणतो. पण माहीत आहे मला. आणि ती मला हवी आहे."

मंगळवारी ते डोंगरापलीकडच्या इस्पितळात गेले. गाडी ऐलिफने चालवली, म्हणजे आयुष्यात प्रथमच त्या रस्त्यावर गुनवोर उजवीकडे बसली. परत येईस्तोवर उजवा गालही तयार करू, असं ती वाटेत म्हणाली.

कातडीची डॉक्टर तूवा ही तरुण बाई. या देशात राजाखेरीज कुणाला अहो-जाहो करत नाहीत, तेव्हा तीही आल्याआल्या "बस, गुनवोर" म्हणाली आणि भिंगाचा दिवा घेऊन डाव्या गालावर वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "टँकर? की ट्रक?"

गुनवोर दचकली. गालावर धंदा लिहिलेला असतो हे तिला माहीत नव्हतं.

मग तूवाने तिला बाही वर करायला सांगितली आणि दंडाची आतली बाजू वर केली. काखेजवळची ती कातडी गुनवोरने कित्येक वर्षांत मुद्दाम पाहिली नव्हती. पांढरी, मऊ, एक डाग नाही, एक घडी नाही. पोरीचा दंड. डॉक्टरने आरसा धरला, अशा बेताने की गाल आणि दंड एकत्र दिसावेत.

"या दोघी एकाच दिवशी जन्मल्या," तूवा म्हणाली. "वयाने एवढंच केलंय, दंडावर आहे तेवढंच. बाकीचं सगळं उन्हाचं."

गुनवोर बघत राहिली. कॅलेंडरला आपण किती दोष देतो, आणि बिचाऱ्याने किती थोडं केलेलं असतं. तूवाने पुढे सांगितलं, की काच भाजणारं ऊन अडवते, म्हणून कातडी लाल होत नाही. पण उन्हाचा दुसरा एक भाग काचेतून बिनबोभाट आत येतो, खोल शिरतो आणि कातडीला ताणून धरणारी धाग्यांची जाळी एकेक टाका उसवत जातो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गुनवोरच्या डोळ्यांसमोर पठार आलं, इंजिन बंद केलेला टँकर, मनगटावर टेकलेलं ते ऊन. तेव्हाच सूर्य तिच्या गालावर काम करत होता. इतक्या लांबून येऊन, इतक्या हलक्या हाताने. रागवायला हवं होतं. पण तिला त्या कारागिराचं नवलच वाटलं.

तपासायला गालाचा एक कण घेतला. निकाल येईपर्यंत गुनवोरने घरातले सगळे पडदे धुऊन काढले आणि परत लावलेच नाहीत. दक्षिणेच्या खिडक्या उघड्याबोडक्या. ऐलिफने कारण विचारलं नाही. बोर्गहिल्डचे पडदे त्यालाही माहीत होते.

फोन तूवाचाच आला. कर्करोग नाही, पण त्या वाटेला लागलेल्या पेशी आहेत, आणि त्या एकाच जागी नाहीत, गालभर विखुरलेल्या आहेत. आत्ताच उपचार केला तर वाट इथेच संपते. गुनवोरने श्वास धरून विचारलं, की म्हणजे मला आता घरात बसावं लागणार का?

"उलट," तूवा म्हणाली. "मे महिन्यात जरा ऊब आली की तुला बाहेर बसवणार आहे. दोन तास."

गुनवोरला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण उपचारच तसा होता. आधी उन्हापासून राखणारं एक ठरावीक मलम, मग गाल हलका खरवडायचा, मग दुसरं औषधी मलम. हे दुसरं गालभर सारखंच लावायचं, पण ते बिघडलेल्या पेशींच्या पोटात जास्त साठतं आणि तिथे उजेडाची वाट बघत बसतं. दिवसाचा उजेड पडला की ते पेटतं आणि ज्या पेशीत बसलंय तिला घेऊन विझतं. शेजारची धडधाकट पेशी जवळपास तशीच राहते.

"म्हणजे ज्याने केलं त्यालाच निस्तरायला लावायचं," ऐलिफ म्हणाला. तो बहुधा त्या वर्षातला त्याचा सर्वांत मोठा विनोद होता.

मे महिन्यात परिचारिकेने मलम लावून दिलं. इस्पितळाच्या अंगणात बसायची सोय होती, पण गुनवोरने आधीच विचारून ठेवलं होतं: दोन तास बसायचंच आहे तर जवळच्या पठारावर चालेल का? तूवा म्हणाली, आकाश तेच आहे. तेव्हा ऐलिफने गाडी घेतली, पूर्वी तिने टँकर थांबवला होता त्या वळणावर उभी केली आणि घडीची खुर्ची मांडली. वर पातळ ढग होते. गुनवोरने डावा गाल वर केला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग मुंग्या आल्या, मग टोचायला लागलं, बारीक बारीक, ठिणग्या पडाव्यात तसं. तिने डोळे मिटले. आत कुठेतरी, तिच्या टँकरच्या वर्षांत उसवलेल्या जागा एकेक करून उजेडात धरल्या जात होत्या. ज्या उन्हाची ती आयुष्यभर गावाला खबर देत आली, ते आत्ता तिच्या गालात शिरून निवड करत होतं, हे ठेव, हे जाऊ दे. तिने शेजारी चाचपून ऐलिफचा हात धरला. अंगठा तिच्या ओळखीचा होता.

"दुखतंय?"

"काम चाललंय त्याचं," ती म्हणाली. "बोलू नकोस."

आठवडाभर गाल उकडलेल्या बिटासारखा होता, खपल्या धरल्या, मग त्या गळाल्या. हालग्रिम मास्तर आता काठी टेकत फिरे; तो भेटायला आला, नेहमीच्या सवयीने डावीकडे बसला आणि म्हणाला, की मी कुणाच्या मरणाची बातमी आणली नाही, तरी इथेच बसतो, इथलं प्रदर्शन बघण्यासारखं आहे. खपल्यांखालून आलेली कातडी गुलाबी होती, पातळ आणि गुळगुळीत. ऐलिफने अंगठा फिरवला. अडला नाही.

घड्या मात्र तशाच होत्या, हे सांगायला हवं. तूवाने आधीच बजावलं होतं. तिने 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं एक मलम दिलं, झोपण्याआधी मटाराएवढं. त्याने सुरुवातीला कातडी सोलते, माणूस वैतागतो, आणि महिने लोटल्यावर उसवलेल्या जाळीत नवे धागे धरू लागतात. ठिपके जरा फिके पडतील, बारीक रेषा भरतील; खोल आहेत त्या राहतील. लेझरने त्याही कमी करता येतात, असंही तिने सांगितलं. गुनवोरने विचार केला आणि नको म्हणाली. उजव्या गालाला एकदम एवढी स्पर्धा नको, आणि तो रस्ता ज्या गालाने पाहिला त्याच्यावर थोडा तरी दिसला पाहिजे.

बाकी नियम साधे होते. सकाळी राखणारं मलम, गाडीतसुद्धा. रुंद काठाची टोपी. चकचकीत पुठ्ठा चुलीत. आणि ईस्टरचं ते बर्फावरचं तोंड वर करून बसणं बंद.

"आणि फेब्रुवारी?" गुनवोरने विचारलं. साऱ्या उपचारात हाच प्रश्न तिने अडवून ठेवला होता. तिने तूवाला भिंत, बाक, टोपी काढणं, सगळं सांगितलं.

तूवाने तिच्याकडे बघितलं. आमच्या इथला फेब्रुवारीतला सूर्य इतका खाली असतो, ती म्हणाली, की एवढ्याशा तिरिपीत कातडीला त्रास द्यायचं बळ त्याच्या अंगात नसतं; तुझा गाल केला तो बारा महिन्यांच्या, वर्षानुवर्षांच्या उन्हाने. एप्रिलचा बर्फावरचा सूर्य चावतो. फेब्रुवारीच्या सूर्याला अजून दात आलेले नसतात. "त्या दिवशी काढ टोपी. खुशाल काढ."

गुनवोर तिथेच हसायला लागली, आणि थांबेना. एवढे महिने ती ज्या दिवसासाठी घाबरली, तो दिवस बिनविषारी होता. आणि संत्री खात हौसेने भाजून घेतलेले दिवस मात्र नव्हते. बोर्गहिल्डला हे कुणी सांगितलं असतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि हसू आपोआप ओसरलं.

तो दिवस आला तेव्हा थंडी कडाक्याची होती. बन तळून झाले होते, पोरं रांगेत, थर्मास उघडे. गुनवोर पहिल्या जागेवर, रुंद काठाची टोपी घालून. स्तुरनूतच्या खांद्यावर आधी एक पांढरी रेघ उठली, मग ती फुगली, आणि मग कुणीही काही बोलायच्या आत पहिली तिरीप दुकानाच्या भिंतीवर येऊन टेकली.

गुनवोरने टोपी काढली. तोंड वर केलं. आधी डावा गाल दिला, सवयीने. मग सावकाश मान वळवून उजवाही दिला. इतक्या वर्षांत या भिंतीशी त्याची अशी निवांत भेट झाली नव्हती.

"तोच आहे का?" हालग्रिमने विचारलं.

दर वर्षी उत्तर लगेच येई. या वर्षी आलं नाही. पोरं बनांकडे बघत होती आणि मग गुनवोरकडे. ती डोळे मिटून बसली होती. कोवळी ऊब दोन्ही गालांवर सारखीच पडत होती, वयाचा फरक न करता. ज्या हाताने उसवलं, त्याच हाताने घातलेल्या टाक्यांवर ती हलकेच फिरत होती. एवढी थोर वस्तू, एवढ्या लांबून, एका दुकानाच्या भिंतीशी, बाकावरच्या एका दूधवाहू बाईकडे. तिच्या नाकाला साखरेचा वास आला.

"गुनवोर?" ऐलिफ हळूच म्हणाला.

"तोच आहे," ती म्हणाली. "जरा सरकून बस, हालग्रिम. तुझी सावली पडतेय."